मापाचा मग, वही आणि कमरेखालची बॅटरी

हे लिहू की नको यात दोन महिने घालवले. शाळेत शिकवते मी, गोव्यात साखळी गावापासून जवळच, गावात सगळे बाई म्हणून ओळखतात, आणि बाईंनी लघवीवर लिहायचं म्हणजे जरा जडच. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी मराठीत शोधायला गेले तर "लघवी थांबत नाही" यावर ढीगभर माहिती, शिंकलं की कपडे ओले, पॅड कुठलं घ्या, व्यायाम कुठले करा, आणि "लघवी होतच नाही, भरलीय हेसुद्धा कळत नाही" यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून लिहितेय. पुढचं सगळं मिलीलिटरमध्ये आहे, जेवताना वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

सुरुवात कॅन्सरपासून. गर्भाशयाच्या तोंडाचा, लवकर सापडलेला, ऑपरेशननं सुटण्यासारखा. वय ४७. ऑपरेशनचं नाव रॅडिकल हिस्टरेक्टॉमी आणि यातला रॅडिकल हा शब्द मला आधी कुणी उलगडून सांगितला नाही. मला वाटलं पिशवी काढतात, आमच्या वाड्यावर किती जणींची काढलीय, आठवड्यात घरी आणि दोन महिन्यांत नारळाची पोती ओढायला तयार. तसं नसतं हे. यात पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पदर, योनीचा वरचा थोडा भाग, लिम्फ नोड असं सगळं काढतात, कारण कॅन्सर पसरला तर आधी तिथं पसरतो. आणि लघवीच्या पिशवीला जाणाऱ्या नसा नेमक्या त्याच पदरांतून जातात. (मराठीत गर्भाची पण पिशवी आणि लघवीची पण पिशवी, त्यामुळे डॉक्टरांकडे आमचे हे पहिले पंधरा दिवस वेगळ्याच पिशवीबद्दल बोलत होते. यापुढे मी ब्लॅडरच म्हणते.)

नसांचं गणित मला नंतर कळलं ते असं. कण्याच्या शेवटी ते त्रिकोणी हाड असतं ना, त्याला दोन्ही बाजूंना भोकं असतात, दुसऱ्या तिसऱ्या चौथ्या भोकातून ज्या नसा निघतात त्यातल्या काही ब्लॅडरला "आता पीळ" म्हणून सांगतात आणि ब्लॅडर भरल्याचा निरोप वर मेंदूकडे नेणाऱ्याही त्यांच्यातच असतात. कमरेच्या वरून येणाऱ्या दुसऱ्या नसा "अजून धर" सांगतात. दोन्हीकडच्या नसांचं ओटीपोटात एक जाळं होतं, मासे पकडायच्या जाळ्यासारखंच, बारीक, आणि आतल्या मांसात गुंतलेलं. नसा वाचवून करायची पद्धत आहे आता, नर्व्ह स्पेअरिंग म्हणतात, पण गाठ कुठं आहे त्यावर ते ठरतं आणि कॅन्सर सोडून नसा वाचवा असं कुठला पेशंट म्हणेल? मी पण म्हणाले नसते. राग त्याचा नाही. राग याचा की आधी एक वाक्य सांगायला हवं होतं, "बाई, यानंतर लघवीचा त्रास होऊ शकतो." सही घेतलेल्या कागदावर ते इंग्रजीत बारीक अक्षरात होतं म्हणे.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला. पाणी प्यायले, चालले, नळ सोडून बसले, काही नाही. बाहेरून आमचे हे दर दोन मिनिटांनी "जालें?" शेवटी जोर लावून लावून ६० मिली झाली आणि सोनोग्राफीत मागं राहिलेली ३८० निघाली. साधारणपणे झाल्यावर ५० च्या आत राहायला पाहिजे. परत कॅथेटर. तीन आठवड्यांनी परत तेच. मग सांगितलं, नसा सुस्त झाल्यात, बऱ्याच जणींच्या सहा महिने ते वर्षात सुधारतात, तोपर्यंत स्वतः पाइप घालून काढायला शिका.

ते शिकवलं माझ्या नणंदेनं. ती निवृत्त नर्स, तिच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं. पहिल्या दिवशी मी आरसा, टॉर्च, जेली, हातमोजे, डेटॉल असा सगळा संसार मांडून बसले आणि रडायला लागले. ती म्हणाली, "वैनी, हातमोजे फेक, साबणानं हात धू, बस्स." मला पटेना, ऑपरेशन थिएटरमध्ये सगळं उकळून घेतात आणि ही म्हणते साबण. तर ते खरंच तसं आहे. लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं १९७२ मध्ये दाखवलं की हे निर्जंतुक नसलं तरी चालतं, स्वच्छ असलं की पुरे, कारण इन्फेक्शन मुख्यतः होतं ते ब्लॅडर तुंबून ताणला गेल्यामुळं. त्यामुळं वेळेवर रिकामा करणं हे हातमोज्यांपेक्षा महत्त्वाचं. हे वाक्य मला ताईनं सांगितलं आणि माझे निम्मे हाल तिथं संपले. पंधरा दिवसांत आरशाचीही गरज राहिली नाही, बोटानं जागा सापडते. १२ नंबरचा छोटा बायकांचा कॅथेटर, पर्समध्ये पेनासारखा राहतो.

पण दिवसाची ती गत झाली ती झालीच. मोबाइलला चार तासांचा अलार्म. चौथीच्या पोरांना तो पाठ, वाजला की एकसुरात "बाई, अलार्म!" मला काही जाणवायचंच नाही हो. हे लोकांना समजावून सांगणं सगळ्यात अवघड. त्यांना वाटतं दुखत असेल, जोराची लागत असेल आणि होत नसेल. काहीच नाही. पोटाखाली रिकामं मैदान. एक दिवस गणेश चवथीच्या वेळी, घरात वीसेक माणसं, गणपतीवरची माटोळी बांधायची गडबड, अलार्म कुणी बंद केला कुणास ठाऊक, रात्री फुगडीला उभी राहिले आणि दुसऱ्याच फेऱ्यात साडी ओली. भरून वाहिली. तेव्हा पाइप घातला तर ८५० मिली निघाली. मला तोपर्यंत लागल्यासारखं एकदाही वाटलं नव्हतं. जावेनं पटकन तांब्या सांडल्यासारखं केलं आणि ओरडली, "अगो पाणी सांडलं!" तिचे उपकार मी विसरणार नाही. आठवड्यानं ताप, थंडी, युरीन इन्फेक्शन, पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले असं वारंवार झालं तर उलटा दाब किडनीवर जातो. त्या दिवशी मी खरी घाबरले. कॅन्सरला घाबरले होते त्यापेक्षा जास्त, का ते माहीत नाही.

आता करंटचा विषय. वर्ष झालं, सुधारणा थोडीशी. कुणीतरी सांगितलं पायातून करंट देतात, ब्लॅडर सुधारतो. मला वाटलं चेष्टा करतायत. पण आहे ते. घोट्याच्या आतल्या हाडाच्या तीन बोटं वर एक अगदी बारीक सुई टोचतात, टाचेजवळ एक चिकटपट्टी, आणि अर्धा तास हलका करंट. तिथून जाणारी नस वर जाऊन त्याच त्रिकोणी हाडाच्या नसांना मिळते, म्हणून पायातून ब्लॅडरपर्यंत पोचता येतं. बरोबर जागी लागली की अंगठा आपोआप खाली वाकतो किंवा तळपायाला मुंग्या येतात. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. मी दर शनिवारी शाळा सुटली की कदंब बसनं पणजीला, अर्धा तास सुई, परत कदंब. दुखत नाही अजिबात, मी तिथं बसून वह्या तपासल्या.

बारा आठवड्यांनी वहीत फरक काय, तर जवळजवळ नाही. आणि मग मला कळलं की हा उपचार मुळात ज्यांना सारखी लागते, धावत जावं लागतं, जाता जाता गळते, त्यांच्यासाठी आहे, त्यांना चांगला गुण येतो. माझा प्रकार उलटा. मग मला आधीच का नाही सांगितलं? विचारलं तर "ट्राय करायला काय हरकत आहे" असं उत्तर. हरकत बारा शनिवारांची आणि पैशांची होती. नाव घेत नाही, पण वाचणाऱ्याला एवढंच सांगते की कुठल्याही करंटच्या मशीनला हात लावू देण्याआधी विचारा, हे जास्त लागणाऱ्यांसाठी की न लागणाऱ्यांसाठी.

दुसऱ्या युरॉलॉजिस्टकडे गेले त्यांनी पहिल्या भेटीत औषधही दिलं नाही आणि मशीनचं नावही काढलं नाही. म्हणाले तीन दिवस वही लिहून आणा. काय प्यायलं, किती, कधी, स्वतःहून किती झाली, पाइपनं किती निघाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मापाचा प्लास्टिकचा मग आणला, दुकानदारानं विचारलं "केकाक?" मी हो म्हटलं. वहीत पहिला प्रश्न पेजेचा आला. सकाळची दहाची पेज हे जेवण की पाणी? शितं किती, निवळ किती? मी चक्क पेज गाळून मोजली, घरातले हसून हसून लोळले. पण डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले बरोबर केलंत, पेज, सोलकढी, ताक, सगळं धरायचं.

तीन दिवसांची सरासरी अशी होती. स्वतःहून दिवसातून पाच वेळा, जोर लावून, प्रत्येक वेळी ९० ते ११०. पाइपनं चार वेळा, प्रत्येक वेळी साधारण ३५०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच ठरलं.

मग युरोडायनॅमिक टेस्ट. दोन बारीक नळ्या, एक ब्लॅडरमध्ये, एक मागच्या बाजूनं, आणि सलाईननं हळूहळू ब्लॅडर भरतात, एकीकडे स्क्रीनवर दाबाच्या रेषा. टेक्निशियन मुलगी दर थोड्या वेळानं विचारते, "काकू, लागल्यासारखं वाटतंय का?" १०० ला नाही. २०० ला नाही, एरवी माणसाला साधारण इथं कळायला लागतं. ३५० ला नाही. ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. ५१० ला मला पोट जड झाल्यासारखं वाटलं, बस्स. आणि करा म्हटल्यावर रेषा दाखवत होती की ब्लॅडर स्वतः जेमतेम आकसतोय, बाकी सगळा माझ्या पोटाचा जोर. पुढं कुठं अडथळा नाही. म्हणजे नळ उघडा आहे, टाकीच्या पंपात दम नाही, आणि टाकी भरल्याचा दिवाही बंद.

यावर त्यांनी सेक्रल न्यूरोमॉड्युलेशनचं नाव घेतलं. मी आधी विचारलं हे तेच पायवालं का. तर नाही, हे थेट मुळाशी. त्रिकोणी हाडाच्या तिसऱ्या भोकातून नसेजवळ एक बारीक तार सोडायची, तिला टोकाकडं चार इलेक्ट्रोड, आणि ती तार एका छोट्या बॅटरीला जोडायची जी कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बसते. हृदयाच्या पेसमेकरसारखंच. कॅलिफोर्नियात टनागो आणि श्मिट यांनी १९८० च्या सुमारास यावर काम सुरू केलं, अमेरिकेत १९९७ ला न थांबणाऱ्या लघवीसाठी परवानगी मिळाली आणि १९९९ ला माझ्यासारख्या, अडथळा नसताना तुंबणाऱ्यांसाठी. म्हणजे नवीन काही नाही, आमच्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली.

मी विचारलं करंट दिला की ब्लॅडर आकसतो का? मला ते करंट लागला की उडणाऱ्या बेडकाच्या पायासारखं वाटत होतं, शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळं. नाही म्हणाले. हे मशीन ब्लॅडरला पिळत नाही. ते निरोप नेणाऱ्या नसांना हलकेच डिवचत राहतं, सेकंदाला साधारण चौदा वेळा, त्यामुळं वरचा आणि खालचा संवाद सुधारतो आणि ब्लॅडर स्वतःचं काम स्वतः करायला लागतो, लागलाच तर. हे "लागलाच तर" महत्त्वाचं. कारण ज्यांच्या नसा पूर्ण कापल्या गेल्यात त्यांना उपयोग नाही, तुटलेल्या तारेतून निरोप कसा जाणार? नसा थोड्या उरल्या असतील तर शक्यता. माझ्या किती उरल्यात ते कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तुंबलेल्या बायकांवरचे अभ्यास लहान लहान आहेत, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. हे ऐकून आमचे हे नाराज झाले, मला उलट त्याच वेळी डॉक्टर पटले.

आणि एक गोष्ट पटली ती म्हणजे ट्रायल. आधी फक्त तार घालायची, बॅटरी बाहेर कमरेच्या पट्ट्याला, दोन आठवडे वही लिहायची. आकडे निम्म्यानं तरी सुधारले तरच आतली बॅटरी. नाहीतर तार काढून घरी. एवढा महाग उपचार आधी वापरून बघता येतो हे मला साडीच्या दुकानातही मिळालेलं नाही.

मुंबईला जायचं ठरलं, मावसबहीण डोंबिवलीला आहे. थिवीहून कोकणकन्या. रात्रभराच्या गाडीत पाइप कसा घालायचा याची मला ट्रायलपेक्षा जास्त काळजी. तर सांगते, हलत्या डब्यातल्या संडासात, एक हात दांडीला, पर्स गळ्यात, ओले वाइप्स दातात धरून जमतं. लॅपिडीसबाबांची आठवण काढत.

ट्रायलच्या तारेचं ऑपरेशन म्हणजे पालथं झोपायचं, पोटाखाली उशा, जागा बधिर करतात, थोडी गुंगी देतात पण पूर्ण झोपवत नाहीत कारण तुम्हाला काय जाणवतं ते विचारायचं असतं. वर एक्स-रेचं फिरतं मशीन. तळपाय उघडे ठेवलेले, का ते नंतर कळलं. सुई भोकात गेली, करंट सोडला आणि माझी मागची जागा आपोआप आत ओढली गेली, भात्यासारखी, आणि त्याच वेळी पायाचा अंगठा खाली वाकला. एक ज्युनिअर फक्त माझ्या अंगठ्याकडं बघत उभा होता, तो म्हणाला "टो!" आणि सगळे खूश. दोन्ही एकत्र झालं की समजायचं तिसरं भोक बरोबर सापडलं. आख्खं पाऊल फिरलं किंवा पोटरीत गोळा आला तर वरच्या भोकात, नुसतीच मागची ओढ आणि अंगठा गप्प तर खालच्या. तीस वर्षं परीक्षा घेतल्या, माझ्या अंगठ्याची परीक्षा पहिल्यांदा झाली. आणि जाणवलं काय? पुढं आणि मागं यांच्या मधोमध टकटक. दुखत नाही. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून त्यावर बसल्यासारखं.

डोंबिवलीचे ते चौदा दिवस. अंघोळ नाही, स्पंजनं पुसायचं. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, जड उचलायचं नाही, कारण तार हलली तर सगळं फुकट. गोव्याच्या बाईला मे महिन्यात अंघोळ नाही म्हणजे काय ते समजून घ्या.

पहिला दिवस, स्वतःहून १०० आणि पाइपनं ३४०. दुसरा, ११० आणि ३५०. तिसरा, ९०. मी बहिणीला म्हटलं तिकीट काढ. चौथ्या दिवशी कंपनीचा टेक्निशियन मुलगा आला, चार इलेक्ट्रोडपैकी कुठल्या दोन वापरायच्या ते बदललं, करंट थोडा कमी केला. कमी! मला वाटत होतं वाढवायला पाहिजे. तो म्हणाला, "काकू, जेमतेम जाणवेल एवढाच पाहिजे, जास्त म्हणजे चांगलं असं नसतं."

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होते. बहीण शेजाऱ्यांच्या कुठल्यातरी लग्नाचं सांगत होती. आणि मला एकदम अस्वस्थ वाटायला लागलं, काहीतरी विसरल्यासारखं, गॅस चालू राहिला की काय, दार उघडं राहिलं की काय, मी उठून दाराकडं बघून आले. परत बसले. परत तेच. मग डोक्यात उजेड पडला की हे डोक्यात नाही, खाली आहे. ओटीपोटात, डावीकडं, बारीकसं. अलार्म वाजायला अजून सव्वा तास होता. मी मापाचा मग घेऊन आत गेले, जोर लावायचा नाही असं ठरवून नुसती बसले, आणि धार सुरू झाली. आवाज आला मगमध्ये. २१०. नंतर पाइप घातला तर १६०. बाहेरून आमचे हे "जालें?" मी आतून काही बोललेच नाही, मला बोलता येईना, त्यांना वाटलं चक्कर आली, दार वाजवायला लागले.

पुढचे दिवस चढउतार, पण वही चढतच गेली. दहाव्या दिवशी २४०, मागं १२०. मग मीच शंका काढली. म्हटलं डॉक्टर, मनाचे खेळ असतील, पैसे भरलेत म्हणून वाटत असेल. त्यांना राग नाही आला, म्हणाले बंद करून बघू. दोन दिवस मशीन बंद. पहिल्या दिवशी १९० वर आले, दुसऱ्या दिवशी १३० आणि मागं ३००, आणि अस्वस्थपणा गायब, परत ते मैदान. पुन्हा चालू केल्यावर दीड दिवसात २३०. एवढं झाल्यावर मी सही केली.

बॅटरी बसवायच्या आधी दोन प्रश्न विचारले, हे प्रत्येकानं विचारावेत. एक, एमआरआय. माझा कॅन्सर, उद्या कधी एमआरआय लागेलच. जुन्या मॉडेलवर फक्त डोक्याचा एमआरआय चालायचा, गेल्या काही वर्षांतली मॉडेल पूर्ण शरीराच्या एमआरआयला चालतात, ठरावीक सेटिंग करून. मी म्हटलं तसलंच पाहिजे, लिहून द्या. दोन, चार्जिंग. एक प्रकार चार्ज करायचा असतो, बाहेरून पट्टा लावून, तो जास्त वर्षं टिकतो. दुसरा चार्जिंग नको, पण संपला की बॅटरी बदलायचं छोटं ऑपरेशन. मी दुसरा घेतला. आमच्याकडं जूनच्या पहिल्या वाऱ्यात लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, मी काय इन्व्हर्टरला कंबर लावून बसू?

खर्च लिहिणार नाही कारण मॉडेलप्रमाणं बदलतो, पण आमची नवी गाडी घ्यायची होती ती राहिली एवढं समजा. विमा कंपनीनं आधी "ही सुविधा आहे, गरज नाही" म्हणून नाकारलं, चार पत्रं आणि वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स पाठवल्यावर थोडे दिले. वहीच कामाला आली.

बॅटरीची जखम भरली लवकर, पण जागा दुखरी राहिली दोन महिने. मारी बिस्किटाहून थोडी लहान, जाड, हाताला लागते. कदंबच्या मागच्या सीटवर साखळी ते पणजी बसून बघा म्हणजे कळेल. सातव्या महिन्यात करंट एकदम मांडीत जाणवायला लागला, पाय चालताना झिणझिण, मी घाबरून रिमोटनं बंद केलं. तार किंचित सरकली असेल म्हणाले, दुसरे इलेक्ट्रोड वापरून सेटिंग बदललं, ठीक झालं. तसं झालं नसतं तर परत ऑपरेशन होतं, हे माहीत असू द्या. गुडघ्यासाठी फिजिओकडं गेले तर त्यानं शेकायचं डायथर्मी मशीन काढलं, मी उडीच मारली, ते या बॅटरीवाल्यांना अजिबात चालत नाही. त्याला माहीत नव्हतं. बॅटरीसोबत मिळालेलं कार्ड दाखवलं. तेच कार्ड मोपाच्या विमानतळावर दाखवते, गेटमधून न जाता हातानं तपासतात.

पूर्ण बरी झाले का? नाही. सर्दीचं औषध घेतलं की परत तुंबते. खूप दमले की धार थांबत थांबत येते. रात्री झोपताना एकदा पाइप अजून घालते, डॉक्टर म्हणाले १०० च्या आत राहत असेल तर सोडा, पण ८५० ची ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेतला अलार्म बंद केलाय. पोरांना चुकल्या चुकल्यासारखं होतं, एकानं विचारलं, "बाई, तुमचा मोबाइल बिघडला?"

गेल्या महिन्यात गावच्या जत्रेला रात्रीचं नाटक होतं, तीन अंकी, सुरू व्हायलाच बारा वाजले. दुसऱ्या अंकात ऐन तलवारबाजीच्या वेळी मला लागली. शेजारी नणंद. मी तिच्या कानात सांगितलं, "ताई, लागली." ती म्हणाली मग जा ना. मी म्हटलं थांब जरा, अंक संपू दे. आणि थांबले, पंधरा मिनिटं, घट्ट धरून, सगळ्या बायकांसारखी.

कालची नोंद. सकाळी ६.१० ला २६०. १०.४० ला २३०. दुपारी २ ला २५०. ५.३० ला १९०. ८.१५ ला २७०. झोपताना पाइपनं ८०. पेज मोजली नाही.